मिटवलेलं कर्ज

आधी माफी मागते. माझी शाळा चौथीपर्यंतची. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी नीट उमजलं नाही आणि अक्षर असं, की सामानाची चिठ्ठी दुकानदार दोनदा विचारून घेतो. हे मी कुणाला दाखवायला लिहीत नाही. चारचौघींत मला बोलायला सुचत नाही, लिहिताना कुणी तोंडाकडं बघत नसतं म्हणून बरं वाटतं. आमच्या थोरल्या जाऊबाई, शालनआक्का, तासगावात चटणीच्या कांडपावर असतात. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी मिरच्यांची देठं काढत त्यांच्याजवळ बसते आणि त्या बोलतात. जसं बोलल्या तसं उतरवलं आहे, शिव्या तेवढ्या गाळल्या. इथून पुढचं बोलणं सगळं आक्कांचं.

लिही रंजे. तुला सगळं ठाऊक हाय, तू घरातलीच, पर तू कवा तोंड उघडणार न्हाईस, म्हणून निदान हातानं तरी लिही.

माझं माहेर शिराळ्याकडचं, डोंगराच्या पायथ्याला. बाप गवंड्याच्या हाताखाली, आई दुसऱ्याच्या बांधावर, आमी पाच भावंडं. पंचमीचा सण आमच्याकडं लय मोठा. त्या दिवशी विळी हातात धरायची न्हाई, तवा चुलीवर ठेवायचा न्हाई, काय चिरायचं न्हाई, काय तळायचं न्हाई, पुरणाची दिंडं उकडायची, झाडाला झोका बांधायचा, आणि सासरवरनं आलेली लेक रिकाम्या हातानं परत धाडायची न्हाई. आई म्हणायची, पंचमीला माहेरवाशिणीनं मागितलं तर मांडणीवरचं भांडं काढून द्यावं, पर न्हाई म्हणू नये. बाकी मला कुणी काय शिकवलं न्हाई. हे एवढं शिकवलं, आणि त्यानंच माझा घात केला.

लगीन होऊन इकडं आले. आमचे मालक म्हंजे देवमाणूस, देवासारखे एका जागी बसून. बोलायचं काम माझं. पहिल्यांदा बेदाण्याच्या शेडवर निवडायला जायची, दिवसभर मान खाली, बोटं चिकट, मग तासगावात अण्णांच्या कांडपावर लागले. अण्णा जैनाचे, तोंडानं फटकळ, हिशेबाला चोख. लोखंडी मुसळं वरखाली आपटत्यात आणि खाली उखळात मिरची कुटली जाती, ते काम. पहिलं वरीस नुसती शिंकत व्हते. पुढं पुढं नाकाला कळायला लागलं, कुणाचं खोबरं खवट हाय, कुणी धने कमी भाजलेत. बायका अण्णांना सोडून मला विचारायला लागल्या. अण्णा म्हणायचे, शालन, कांडप माझं आणि गिऱ्हाईक तुझं, ह्यो कसला धंदा.

आता वन्सं. वन्सं म्हंजे आपली नणंद, वैजयंताबाई, सातारची. तुला सांगायला नको, पर लिही. त्यांचे मालक फौजेतनं रिटायर झाले. हवालदार म्हणून रिटायर झाले आणि सातारच्या येष्टीत बसून घरला येईपर्यंत सुभेदार झाले. फाटकावर पाटी सुभेदार, पत्रिकेत सुभेदार, किराणावाला सुभेदारसाहेब म्हणतो तवाच उधारी मिळती म्हणून तिथंबी सुभेदार. एमआयडीसीत कारखान्याच्या गेटवर रखवालीला बसत्यात, पर सांगताना सांगायचं, सिक्युरिटीचं सगळं आमी बघतो. त्यांनी बंगला काढला. दोन खोल्यांत भागणारं कुटुंब, पर पलटणीतल्या कुणीतरी वरचा मजला चढवला म्हणून ह्यांनाबी स्लॅब पायजे.

त्या वर्षी वन्सं पंचमीला आल्या. झोका खेळल्या, दिंडं खाल्ली, तूप अजून वाढ म्हणाल्या, आणि निघायच्या वक्ताला डोळ्याला पदर लावला. वहिनी, मला साडी नको, चोळी नको, मला तुमचं नाव द्या. मला कळंना. तवा म्हणाल्या, तुमच्या गावात बायकांच्या गटाला कर्ज देणारी कंपनी येती, तुमच्या नावावर घ्या, पैसे मला द्या, हप्ता मी दर आठवड्याला धाडीन, सातारला माझ्या नावावर आधीच गट चालू हाईत म्हणून तिथं मिळत न्हाई, स्लॅब अडलाय. मी मालकांकडं बघितलं. मालक आढ्याकडं बघत बसले. आणि मी बाई पंचमीच्या दिवशी न्हाई कशी म्हणू? साडी दिली असती तर फाटली असती आणि इसरली असती. नाव दिलं.

कंपनीचा पोरगा आला, मिसरूड फुटलेलं, गळ्यात पट्टा, बायकांना गोल बसवून शपथ घ्यायला लावायचा, आमी वेळेवर हप्ता भरू, एकमेकींना सांभाळू. सांभाळू म्हंजे काय ते पुढं कळलं. पैसे आले, सातारला गेले. सुरुवातीला हप्ते आले. मग एक आठवडा चुकला, मग वन्सं म्हणाल्या पुढच्या आठवड्याला दोन धाडते, मग फोन उचलायच्या बंद झाल्या. स्लॅब पडला व्हता ना, आता फोन कशाला उचलायचा. मी माझ्या मजुरीतनं भरत राहिले, भरत राहिले, आणि पावसाळ्यात कांडप बंद असतं तवा काय भरू? गटातल्या बायका दारात येऊन बसल्या. ज्यांच्या लेकींच्या बाळंतपणाला मी उभी व्हते त्या बसल्या, आणि मधी ते पट्टेवालं पोरगं. भाकरी करू का गं म्हटलं तर म्हणाल्या भाकरी नको, हप्ता दे. त्यांचंबी काय चुकलं, माझा हप्ता त्यांच्या बोकांडी बसत व्हता. पर त्या दिवसापासनं त्यांच्या हळदी-कुंकवाला मी गेले न्हाई. आणि सुभेदार तवा बंगल्याला रंग काढत व्हते. गुलाबी.

वरीसभरानं कंपनीचा दुसरा माणूस आला, हा जाडजूड, गोड बोलायचा. ताई, एकदम मिटवून टाका, सेटलमेंट करा, निम्मी रक्कम भरा, राहिलेली कंपनी माफ करती. मला किती बरं वाटलं काय सांगू तुला. अगं, आपल्यात तंटा झाला, बांधाचा असू दे न्हाईतर सोयरिकीचा असू दे, तर देवळाच्या कट्ट्यावर पाच माणसं बसत्यात, इकडचं थोडं तिकडचं थोडं करत्यात, चहा पित्यात आणि मिटलं म्हणत्यात. एकदा मिटलं म्हटलं की पुन्हा ते उकरणारा नालायक ठरतो. मला वाटलं हे तसंच. शेळ्या इकल्या, कानातलं इकलं, निम्मी रक्कम भरली, मिटलं असा कागद घेतला, देव्हाऱ्यात ठेवला आणि गावात पेढं वाटलं. हसू नको. पेढं वाटलं मी. दाजींचा, म्हंजे सुभेदाराचा, लगोलग फोन. बघा वहिनी, माफ झालं का न्हाई? मी सांगत व्हतो, नो टेन्शन. फुकट घाबरत व्हता. जसं काय ह्यांनी सीमेवर जाऊन माफ करून आणलं.

पुढं अण्णांचा ल्योक पुण्यात गेला आणि अण्णांना घेऊन चालला. अण्णा म्हणाले, शालन, कांडप इकणार हाय, घेणारं गिऱ्हाईक तयार हाय, जागेचं भाडंबी देतंय, पर पहिलं तुला इचारतो. शिमग्यापतुर थांबतो. शिमगा झाला की हंगाम चालू, मग मी थांबणार न्हाई. रंजे, त्या रात्री मला झोप आली न्हाई. दुसऱ्याच्या उखळात आयुष्य कुटलं, एकदा आपल्या उखळात कुटावं वाटलं, दुसरं काय. भिशीतनं थोडं साठलं व्हतं, बाकीचं बँक देती म्हणून बँकेत गेले.

मॅनेजर म्हंजे काय, पोरगं माझ्या धाकट्याएवढं, मान वर करंना. आधारचा नंबर घातला, पडद्याकडं बघितलं आणि म्हणालं, मावशी, तुमचा स्कोअर लय खराब हाय, इथं सेटल्ड दाखवतंय. मी म्हटलं, व्हय, मिटवलंय मी, माझ्याकडं कागद हाय, आणि मोठ्या ऐटीत पिशवीतनं कागद काढला. ते हसलं. हसून शेजारच्याला दाखवलं, तेबी हसलं. मग म्हणालं, मावशी, मिटवलंय म्हंजेच बुडवलंय. कंपनीचे पैसे बुडाले असं तुम्हीच सही करून दिलंय. कर्ज मिळणार नाही. नेक्स्ट. मला नेक्स्ट म्हणालं ते. माझ्यामागं एक बागायतदार व्हता, त्याला खुर्ची दिली.

बाहेर पायरीवर बसले. देव्हाऱ्यात मी काय पुजत व्हते, तर मी बुडवी हाय असा कागद. आणि त्याचं पेढं वाटलं व्हतं.

मग शहाणी माणसं भेटायला लागली. आपल्याकडं शहाण्यांना काय तोटा न्हाई. सांगलीत एकानं हापिस काढलंय, बाहेर पाटी, स्कोअर वाढवून मिळेल. आत पंखा, फुलदाणी आणि तो. म्हणाला, फी भरा, मी तक्रार टाकतो की हे कर्ज ह्या बाईनं घेतलंच न्हाई, अंगठा तिचा न्हाई. मी म्हटलं, अंगठा माझाच हाय की. तर म्हणतो, मावशी, तसं सांगायचं नसतं. म्हंजे बुडवी व्हते, आता खोटारडी व्हायची आणि त्याचे वर पैसे भरायचे. त्याला म्हटलं, तुझा स्वतःचा स्कोअर किती रं? तर पंखा बंद करून चला म्हणाला.

खरं सांगितलं ते बँकेतल्याच एका बाईनं. काउंटरवर बसती, चष्म्याची. मी दुसऱ्यांदा गेले तवा हळूच म्हणाली, मावशी, सोपं नाही पण रस्ता आहे. जी रक्कम कंपनीनं माफ केली ती जाऊन भरा. काही येणं बाकी नाही असं त्यांच्याकडून लिहून घ्या, आणि सेटल्डच्या जागी पूर्ण फेड असं स्कोअर ठेवणाऱ्यांना कळवायला लावा. महिना-दीड महिना लागेल. मी म्हटलं, माफ केलेलं भरायचं? ती म्हणाली, हो, तरच नाव धुतलं जाईल.

घरात सांगितलं तर मालक पहिल्यांदा आढ्यावरनं खाली बघून बोलले. म्हणाले, येडी का काय? सरपंच म्हणाला, माफी कुणी परत करतं व्हय? गटातल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. दारात बसल्या व्हत्या तवा न्हाई हसल्या.

मी म्हटलं, ज्यांच्या डोक्यावर स्लॅब हाय त्यांच्याकडनं आधी बघू. सातारला गेले. गुलाबी बंगला, वर मजला, वरच्या मजल्यावर कोण राहतं, तर कोण न्हाई, वाळवणं. वन्संनी कपबशीत चहा दिला, माझ्यासाठी कडंला टवका गेलेली कपबशी. मी इषय काढला. वन्सं म्हणाल्या, अगंबाई, ते माफ झालं की, आमी तुम्हाला भरा म्हणालो का? दाजी मिशीला पीळ देत म्हणाले, देखो वहिनी, जे मिटलं ते मिटलं. फौजेत आमी मागं वळून बघत न्हाई. मी म्हटलं, व्हय, दिसतंय, पुढं पळतानाच सवय लागली आसंल. तेवढं बोलून उठले. चहा तसाच ठेवला. येष्टीत कराड येईपर्यंत खिडकीकडं तोंड करून रडले, मग इस्लामपूर आल्यावर डोळं पुसलं, कारण भूक लागली.

भिशीचे पैसे काढले. कांडपासाठी साठवलेले, तेच. अण्णांकडं गेले आणि सांगितलं, अण्णा, पहिली रक्कम द्यायला माझ्याकडं आता काय राहणार न्हाई, तुमी दुसऱ्याला द्या. का म्हणाले. सगळं सांगितलं. अण्णांनी हिशेबाची वही मिटली. म्हणाले, माफ झालेलं भरायला चाललीस? मी जन्मात असलं गाढव बघितलं न्हाई. मग थोड्या वेळानं म्हणाले, जा, भरून ये. असल्या गाढवाला उधार द्यायला भ्या न्हाई. बँकेचं आलं की ते दे, पहिली रक्कम हंगाम झाल्यावर दे.

पैसे घेऊन कंपनीच्या सांगलीच्या हापिसात गेले, तर तिथं वेगळीच तऱ्हा. पैसे घेईनात! तोच जाडजूड गोड माणूस आता खुर्चीवर. म्हणाला, ताई, तुमचं खातं बंद झालंय, सिस्टीम घेत नाही, कशाला त्रास करून घेता. द्यायचे नसताना दारात बसत व्हती ही माणसं, आता देते तर सिस्टीम. मी पिशवीतनं भाकरी काढली आणि त्यांच्या उंबऱ्यातच बसले. म्हणाला, ताई, असं दारात बसू नका, लोक काय म्हणतील. मी म्हटलं, तुमच्याकडनंच शिकले, तुमी बसला व्हता तवा माझ्या लोकांना काय वाटलं ते मला इचारायला न्हाई आला. कर्ज मागायला आलेल्या बायका मला वलांडून जायच्या आणि वळून वळून बघायच्या. एकीनं इचारलं, काय झालं आक्का? मी मोठ्यानं म्हटलं, पैसे घेत न्हाईत गं! दुपारी त्यानं पुण्याला फोन केला. पुण्यानं मुंबईला केला आसंल. संध्याकाळी सिस्टीम सुरू झाली. पैसे भरले, कागद घेतला, त्यावरचा शिक्का पुसट व्हता तर दुसरा मारून घेतला. तो म्हणाला, ताई, आता चहा तरी घ्या. मी म्हटलं, नको बाबा, चहाबी माझ्या नावावर टाकशील.

दीड महिना वाट बघितली. शिमगा तोंडावर आला तवा चष्म्याच्या बाईचा फोन, मावशी, बदललं. त्या नेक्स्टवाल्या पोरानं माझ्या कर्जाच्या कागदावर सही केली. मी म्हटलं, साहेब, खुर्ची? तर उठून दिली. मी बसले न्हाई.

आणि आता चैतातलं सांगते, रंजे, तू व्हतीस, पर लिही. कांडप माझं. दारात बायकांची रांग, मिरचीचा खकाणा, सगळ्या शिंकत्यात, आणि फाटकात सातारची गाडी. वन्सं उतरल्या, दाजी उतरले, डिकीतनं मिरचीची पोती. त्यांची, सुनेची, पुण्यातल्या लेकीची, सगळ्यांची वर्षाची चटणी. घरचं कांडप म्हटल्यावर भाईर कशाला जायचं, वन्सं म्हणाल्या, आणि रांग सोडून पुढं आल्या. मी मिरची उखळात ओतली. लसूण घातला, खोबरं घातलं, कांदा घातला, मीठ बघून घातलं. जीव लावून कुटली. अशी चटणी त्यांनी जन्मात खाल्ली नसंल. डबे भरले आणि माझ्या मागं ओळीनं लावून ठेवले.

दाजी पाकिटाकडं हात न्हेल्यासारखं करून म्हणाले, कांडपाचं किती? मी म्हटलं, कांडपाचा रुपाया घेणार न्हाई, घरची माणसं तुमी. फक्त पंचमीचं द्या. मिटवलेलं आणि माफ झालेलं, दोन्ही मीच भरलंय. रांगेतल्या बायका शिंकायच्या थांबल्या. वन्सं म्हणाल्या, वहिनी, चारचौघांत! मी म्हटलं, माझ्याबी दारात चारचौघीच बसल्या व्हत्या. दाजी मिशी सोडून घाम पुसायला लागले. खाली वाकून म्हणाले, निम्मे घ्या वहिनी, मिटवून टाकू. मी म्हटलं, न्हाई दाजी. मिटवायचं न्हाई. मिटवलं की सेटल्ड लागतं, आणि तुमच्यासारख्या सुभेदाराच्या नावाला तसला डाग मी लागू देणार न्हाई. रांगेत पहिली कोण हसली ठाऊक न्हाई, मला वाटतं तूच हसलीस, रंजे. लिही तेबी.

दाजींनी कोपऱ्यात जाऊन आपल्या लेकाला फोन लावला. लेक तिकडनं काय म्हणाला आसंल ते असू दे. तासाभरानं माझ्या टेबलावरचा तो पैसे आले की बोलणारा डबा बोलला, रक्कम सगळ्यांना ऐकू जाईल अशी, माणसानं बोलावं तशी. मी बोटावर मोजलं. एक रुपाया कमी न्हाई. पूर्ण.

मग उठले, डबे स्वतः उचलून गाडीत ठेवले. म्हटलं, वन्सं, सुखानं खावा, लेकीला लवकर द्या, हवा लागली की रंग जातो. पंचमीला या. साडी-चोळी घेऊन ठेवते.